त्यांच्या शर्टांवरचं वाक्य

सुवर्णे, तुझ्या त्या मार्ग्रीतबाईंचा मेल आला. येत्या रविवारी तुझ्या आठवणीत त्या सगळ्याजणी सायकली घेऊन निघणार आहेत. निघायच्या आधी तुझ्याबद्दल चार ओळी वाचायच्या आहेत आणि त्या मी लिहून पाठवाव्यात असं त्यांचं म्हणणं. ‘तुम्ही तिची शाळेतली मैत्रीण ना,’ असं लिहिलंय. पस्तीस वर्षांची ओळख बाईंनी एका बाकावर बसवून टाकली.

सोबत फोटो आहे. अकरा बायका, अकरा सायकली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे शर्ट. शर्टावर छातीशी इंग्रजीत एक वाक्य छापलंय. मराठीत सांगायचं तर, ‘मी सावकाश चालवते, तू थांबलीस तर मीही थांबेन.’ खाली तुझं नाव. तेही सुवर्णा नाही, ‘सू’. आपल्याकडं लहान पोरांच्या तोंडी त्या शब्दाचा काय अर्थ होतो, ते तू त्यांना सहा वर्षांत सांगितलं नाहीस, एवढं मात्र बरं केलंस.

मेलच्या शेवटी मार्ग्रीतबाईंनी लिहिलंय, ‘इतकं साधं आणि इतकं नेमकं इंग्रजी सू कुठून शिकली, याचं आम्हाला नेहमी नवल वाटायचं.’

मला नाही वाटलं नवल. ते इंग्रजी माझं आहे. ते वाक्य मी लिहिलंय, साताऱ्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून, चाचणीच्या पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर. तुझ्या तिकडच्या आयुष्यात माझं म्हणून काय होतं? हे एक वाक्य. आणि त्याच्याखाली तुझं नाव.

तू जाऊन आज अठरा दिवस झाले. दाजींचा फोन आला त्या दिवशी मी वर्ग सोडून व्हरांड्यात जाऊन रडले, मग घरी रडले, मग वाडीत तुझ्या आईच्या गळ्यात पडून रडले. रडायचं तेवढं झालं असं वाटत होतं. आणि हा फोटो आल्यावर भलतंच काही उगवलं. आधी मला वाटलं राग आहे. दोन दिवस भांडी आपटली तेव्हा कळलं की हा हेवा आहे. बी.ए. बी.एड. झालेल्या बाईनं मेलेल्या मैत्रिणीचा हेवा करावा हे शोभत नाही. पण आता तुझ्यासमोर शोभा कसली सांभाळायची? जिवंतपणी तुझ्याशी एकदा खोटं बोलले ते पुष्कळ झालं. त्याचं पुढं सांगते.

आधी एक गोष्ट नोंदवून ठेवते. सायकल तुला मी शिकवली.

तुझे आबा मिलिटरीत. ते सुट्टीवर नसले की त्यांची उंच काळी सायकल तुमच्या सोप्यात भिंतीला टेकलेली असायची आणि तिला हात लावायचा नाही असा तुझ्या आईचा हुकूम होता. तू हुकूम पाळणारी. तुझी आई धुण्याला गेलेली बघून मीच ती बाहेर काढली. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला आधी मी शिकले, मग कॅरिअर धरून तुझ्यामागं पळाले. तू घाणेरीच्या झुडपात पडलीस आणि उठून मलाच चार शिव्या दिल्यास. ओरखडे कसले म्हणून तुझ्या आईनं विचारलं तर मांजर म्हणालीस. एवढं मोठं मांजर अख्ख्या वाडीत नव्हतं.

आठवीपासून आपण वाडीतल्या पाच पोरी कडेगावला हायस्कुलात जायला लागलो. सहा किलोमीटर. पाच जणींत सायकली तीन, म्हणजे दोघींना आळीपाळीनं मागं बसायचं. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वर टेपांवर गाणी, आणि स्टँडच्या कोपऱ्यावर उभी असलेली टवाळ पोरं. एकटी पोरगी दिसली की त्यांना चेव यायचा. म्हणून नियम होता. गावाबाहेरच्या फाट्यावर थांबायचं, आणि शेवटची येईपर्यंत कुणी फाटा सोडायचा नाही. चेन पडू दे, पंक्चर होऊ दे, कुणाचं पोट दुखू दे. पाची जणी जमल्या की एकदम गावात शिरायचं.

हा नियम कुणी केला यावरून आपण तीस वर्षं भांडलो. मी म्हणायचे मी केला. तू म्हणायचीस, ‘न्हाई गं, माज्या आईनं घालून दिला हुता, तू नुसती मोठ्यांदा बोलून दाखिवलास.’ त्या भांडणाचा निकाल लागला नाही. पण हेडसरांनी पाची जणींना वर्गाबाहेर उभं करून विचारलं होतं की एकदम पाचांना उशीर होतो कसा, तेव्हा तूच बोललीस. ‘येक मागं ऱ्हायली की पाचीबी मागं ऱ्हात्यात, सर.’ सरांनी छडी खाली ठेवली. हे मी तुझ्या बाजूनं मान्य करते.

बारावीचा निकाल लागायच्या आत तुमच्या दारात मांडव पडला. दाजी लोणंदचे, डिप्लोमा झालेले, पुण्यात कंपनीत कामाला. तू पुण्याला गेलीस आणि मी एसटीनं विट्याला कॉलेजला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. पदवीचा कागद दादांनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला. त्यांना तो वाचता येत नव्हता. शिक्का वर येतो का खाली, हे चार जणांना विचारून, मग खिळा मारला. त्यानंतर वाडीत बँकेचं पत्र येवो, नाहीतर तुझ्या आबांच्या पेन्शनचं, ‘मंगलकडं न्या’ असंच ठरलेलं. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. लपवायचं कारण नाही.

म्हणून दाजींच्या कंपनीनं तुम्हाला नेदरलँड्सला पाठवलं तेव्हा मला वाटलं, हे उलटं झालं. परदेशात जायचं तर इंग्रजी येणाऱ्या बाईनं जायला पाहिजे. मी आठवी ते दहावीला ‘माय ड्रीम जर्नी’ या विषयावर निबंध लिहून घेणार, आणि विमानात बसणार तू, जिला ‘विंडो सीट’ म्हणजे काय हे मी फोनवर सांगितलं. तोंडानं म्हणाले, सुखानं जा. मनात म्हणाले, बघू किती दिवस टिकते.

टिकणार नाहीस असंच वाटत होतं. पहिलं वर्षभर तुझे फोन यायचे ते रविवारी दुपारी, मी वह्या तपासत असताना. तुझ्याकडं तेव्हा सकाळ. दाजी झोपलेले, बाहेर ढग, आणि तू खिडकीतून रस्ता बघत बसलेली.

‘मंगे, हितं समदं गाव सायकलवर हाय. म्हाताऱ्या बाया, सूट घातलेली मानसं, पोटुशी बाईसुदीक. पर समदी येकयेकटी गं. कुनी कुनासंगं जाईना.’

मी म्हणाले, मग जा की त्यांच्या मागंमागं.

तू ऐकणारी नव्हतीस. सोबत जाणारी माणसं शोधायला लागलीस. आधी सायकलच्या दुकानात गेलीस. दुकानदारानं विचारलं, तासाला किती किलोमीटर? तू म्हणालीस, गप्पा मारता येतील एवढं. त्याला कळेना, त्यानं तुला एक नवीन सायकल दाखवली. मग फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये शिरलीस. त्यात शे-दीडशे माणसं, आणि तू काहीही विचारलंस की सगळ्यांनी नुसते अंगठे दाखवायचे. शेवटी एकदाचा शनिवार सकाळचा एक जथा सापडला. तू पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला आवळून, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या घेऊन हजर. बाकीच्यांचे अंगाला चिकटलेले कपडे. तुझा डबा बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

त्या दिवशी जे झालं ते फक्त आपल्या वाडीच्या पोरीच्याच हातून होऊ शकतं. वाटेत मागच्या एका बाईची चेन पडली. तू उतरलीस. बाईनं हातानं जा जा केलं, तू उभीच. तिनं चेन बसवली, पायडल मारलं आणि वाऱ्यासारखी दिसेनाशी झाली. तू एकटी मागं. पुढं चौक आला, तिथं खांबावर गावाचं नाव नाही, नुसता आकडा लिहिलेला, सगळीकडं सारखाच कालवा, सारख्याच गाई. तू विचार केलास, आपण मागं राहिलो हे त्यांच्या ध्यानात येईलच, ते फाट्यावर थांबले असतील, नाहीतर शोधायला माघारी येतील. आपण हललो तर चुकामूक होईल. म्हणून सायकल खांबाला टेकून तू उभी राहिलीस. दीड तास. वारा एवढा की ओढणी डोक्याला गुंडाळलीस. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला रस्ता विचारून घरी आलीस. संध्याकाळी त्या ग्रुपमध्ये फोटो आले. ते सगळे पुढच्या गावात हॉटेलात बसून सफरचंदाचा केक खात होते. त्यांना वाटलं, तू कंटाळून घरी गेली असशील.

हे तू मला रडत रडत सांगितलंस. आणि मी हसले.

तू फोन ठेवलास. दोन दिवस बोलली नाहीस. तुला वाटलं असेल, तुझ्या वेडेपणाला हसले. आज खरं सांगते. मला बरं वाटलं होतं. परदेशात गेलीस, गोरी माणसं भेटली, पण फाट्यावर तुझ्यासाठी थांबणाऱ्या आम्हीच, हे तुला कळलं म्हणून बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी मन खायला लागलं म्हणून मीच फोन केला. म्हटलं, मी तुला एक चिठ्ठी लिहून देते, चांगल्या इंग्रजीत, ती लाव कुठंतरी. मग ते स्टाफरूममधलं वाक्य. तू ते चार कागदांवर हातानं उतरवलंस. एक वाचनालयात लावलास, एक सायकलच्या दुकानात, एक तुर्की वाण्याकडं, एक कुठं ते विसरले. पंधरा दिवस काही नाही. मग मार्ग्रीतबाईंचा फोन आला. रिटायर नर्स, एक गुडघा बदललेला. त्यांच्या जुन्या ग्रुपनं त्यांना असंच कुठंतरी मागं टाकलं होतं. त्या म्हणाल्या, तुमचं वाक्य वाचलं, रविवारी मोकळ्या आहात का?

तू मोकळी होतीस. त्या रविवारी वह्या तपासताना माझा फोन वाजला नाही.

पुढं दोघींच्या चार झाल्या, चौघींच्या तुला धरून बारा. सायकलीपेक्षा गप्पा मोठ्या व्हायला लागल्या. रविवार त्यांनी नेला तो नेलाच. तुझे फोन मधल्या वारी यायला लागले, घाईत, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. आणि बोलणं सगळं त्यांचं. मार्ग्रीतला आल्याचा चहा आवडतो. त्यांच्यातल्या एका तुर्की बाईनं चटणीची कृती मागितली. ती कृती कुणाची गं? माझ्या आईची. लसूण ठेचायची का वाटायची, हे आमच्या परड्यात बसून शिकलीस. मी तसं म्हणालेही. तू म्हणालीस, ‘व्हय की, मी त्येंला सांगितलं, माज्या मैतरणीच्या आईची हाय.’ मैत्रिणीचं नाव सांगितलंस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

फोटो यायचे. पिवळा रेनकोट घातलेली तू, पवनचक्कीपुढं तू, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून हसणारी तू. ते हसू मी ओळखते, सगळे दात दिसतात तसं. आधी मी लिहायचे, छान, सांभाळून चालव, घाम आल्यावर वाऱ्यात उभी राहू नकोस. नंतर नंतर मीही अंगठाच दाखवायला लागले.

आता ते खोटं.

दोन वर्षांमागं तू भाच्याच्या लग्नाला वाडीत आलीस. लग्न झाल्यावर मला साताऱ्याला फोन केलास. ‘मंगे, उद्या ये. सायकलीवरनं फाट्यापतूर जाऊ. नुसतं फाट्यापतूर. माजा भाचा दोन सायकली देतो म्हनालाय.’ मग म्हणालीस, वाडीच्या शेजारच्या गावात पोरं सकाळी सायकली घेऊन निघतात म्हणे, आपणही साताऱ्यात बायकांचा एक ग्रुप काढू, तू काढ, मी तिकडनं सगळं सांगते कसं करायचं ते. तू सांगणार. मला. सायकलीबद्दल.

मी म्हणाले, उद्या शाळेत इन्स्पेक्शन आहे गं, साहेब येणार आहेत, रजा मिळायची नाही.

इन्स्पेक्शन नव्हतं. रजा तुझ्यासाठी आठ दिवस आधीच टाकली होती. त्या दिवशी मी घरात बसून सगळे पडदे धुतले आणि ओले असतानाच परत लावले. स्वयंपाकघरात दुपारपर्यंत पाणी टपकत होतं. माझी पोरं विचारत होती, आई, आज सुट्टी आहे ना तुला, मग सुवर्णामावशीकडं का नाही गेलीस? मी म्हणाले, तिला वेळ नाही.

तू एकटीच गेलीस. फाट्याचा फोटो पाठवलास. चौपदरी रस्ता झालाय, कडुनिंब गेले, मधे दुभाजक. फोटोखाली लिहिलंस, ‘तास झाला, हुबी हाय.’ तू का उभी होतीस तिथं? मी येणार नाही हे तुला सांगितलेलं होतं. तरी तुला वाटलं असेल, येईल, शेवटची ती आहे.

मी अंगठा पाठवला.

त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो, पण वरवरचं. इन्स्पेक्शन कसं झालं, हे तू कधी विचारलं नाहीस. म्हणजे तुला कळलं होतं.

आणि मग त्या सकाळी ओट्यापाशी उभ्या उभ्या तुझं डोकं दुखलं, आणि संपलंच. दवाखान्यात तीन दिवस होतीस. दाजी धावपळीत, तेव्हा तुझा हात धरून बसल्या त्या मार्ग्रीतबाई. दाजींनी फोनवर सांगितलं, ‘मंगलताई, शेवटपर्यंत त्या उठल्या नाहीत हो.’ मी म्हणाले, फार उपकार झाले त्यांचे. खरंच झाले. आणि त्याच वेळी मला वाटलं, ती जागा माझी होती. दोन्ही एकदम वाटलं. आतासुद्धा वाटतं.

म्हणून ते वाक्य मी सोडणार नव्हते. शनिवारी शाळा सुटल्यावर जेवण झाकून ठेवलं आणि मेल लिहायला बसले. तीनदा लिहिला. तिसरा बरा जमला. ‘आपल्या शर्टांवर छापलेलं वाक्य माझं आहे. सुवर्णाला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. ते मी लिहून दिलं, मी गेली बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. शर्टांवर तिचं नाव आहे याला माझी हरकत नाही, परंतु माहिती खरी असावी.’ परंतु! तुझ्या दुःखात बुडालेल्या अकरा बायकांना मी ‘परंतु’ लिहीत होते.

पुरावा जोडावा म्हणून मोबाईलमध्ये आपलं सहा वर्षांचं बोलणं वर वर सरकवत गेले. तास गेला. पवनचक्क्या गेल्या, रेनकोट गेला, माझे अंगठे गेले. मागं मागं जाताना तू एकेक बाईला सोडून एकटी होत चाललीस आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं. शेवटी चिठ्ठी सापडली.

ती एका वाक्याची नव्हतीच, सुवर्णे. चौदा ओळींची होती. ‘मी भारतातील सांगली जिल्ह्याच्या निसर्गरम्य परिसरातून आले आहे’ इथून सुरुवात. मग आपली संस्कृती. मग सायकल चालवण्याचे आरोग्याला होणारे फायदे, एक दोन तीन. प्रदूषणसुद्धा होतं. आणि सगळ्यात शेवटी, चौदाव्या ओळीत, ते वाक्य. खाली तुझं उत्तर, ‘लय मोठं झालं मंगे. शेवटचं तेवढं लावलं.’

तेरा ओळी तू कापल्या होत्यास आणि मी ते साफ विसरले होते. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये सांगत आले की एका ओळीत काम कसं होतं ते मी दाखवलं. नववीच्या वर्गात ते वाक्य फळ्यावर लिहून दिलंय.

चिठ्ठीच्या वर तुझं एक बोलणं होतं, आवाजातलं, सहा मिनिटांचं. ते आलं तेव्हा मी दोन तासांच्या मधल्या घंटेत घाईनं ऐकलं असणार. आता दार लावून घेतलं आणि ऐकलं.

तू जिवंत होतीस. नाक चोंदलेलं होतं, माझ्या फोननंतर परत रडून झालं होतं ना नुकतंच. मला बोल लावलेस, हसले म्हणून. मग हळूहळू रंगात आलीस, शेजारणीचं कुत्रं, दाजींचं घोरणं. चौथ्या मिनिटाला म्हणालीस, ‘तू लिही, तुजं विंग्रजी हाय, माजं काय म्हननं न्हाई. फकस्त त्येंला येवढं सांग, म्या हळू चालिवती. आन येक थांबली की म्या बी थांबती. बास. दुसरं काय नगं घालूस, न्हाईतर निबंद हुईल.’

मी ते परत लावलं. परत लावलं. शब्दाला शब्द तेच. मी वर इंग्रजी चढवलं होतं फक्त. आणि निबंध केलाच होता.

ओशाळले का? ओशाळले. पण तुला वाटेल मंगल एकदम शहाणी झाली, तर तसंही नाही. पहिला विचार काय आला सांगू? हे फक्त मला ठाऊक आहे. मोबाईल माझा, आवाज माझ्याजवळ. मी तिसरा मेल तसाच पाठवला असता तर जगात कुणी मला खोटं पाडलं नसतं. चिठ्ठी माझ्याच नावावर दिसत होती. बोट पाठवायच्या बटणावरच होतं.

मग मी वेगळाच मेल लिहिला.

लिहिलं की वाक्य सुवर्णाचंच आहे, तिनं ते मराठीत बोलून दाखवलं होतं. इंग्रजी मात्र माझं आहे, आणि तेवढं मी सोडणार नाही. तिच्या लहानपणी पाच मुली फाट्यावर एकमेकींसाठी थांबायच्या, तो नियम तिच्या आईचा होता असं ती म्हणायची, मी म्हणते माझा. दोन्ही लिहिलं. आणि लिहिलं की दोन वर्षांपूर्वी ती एकदा माझ्यासाठी तासभर थांबली होती आणि मी मुद्दाम गेले नाही. त्यांना हे सांगायची काय गरज होती? पण तुला आता सांगता येत नाही, आणि रविवारी तुझ्या नावानं एवढ्याजणी उभ्या राहणार, तर कुणाच्या तरी कानावर पडावं. एवढं लिहून झालं आणि लक्षात आलं की चार ओळी मागितल्या होत्या आणि चाळीस झाल्यात. मग तू असतीस तर जे केलं असतंस ते मी केलं, कापलं. फाटा ठेवला, तो तास ठेवला. बाकी बरंच गेलं. तेरा ओळी कापल्यास ते बरोबर केलंस, असं मात्र कुठं लिहिलं नाही.

मोबाईलमध्ये आवाज कापता येतो हे मला ठाऊक नव्हतं. शिकले. ‘त्येंला येवढं सांग’पासून ‘म्या बी थांबती’पर्यंत, नऊ सेकंद. ते मेलला जोडलं आणि लिहिलं, रविवारी निघायच्या आधी हे लावा. तुम्हाला शब्द कळणार नाहीत, पण शर्टावर काय लिहिलंय ते हे.

मार्ग्रीतबाईंचं उत्तर आज सकाळी आलं. त्यांनी ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले म्हणे, सगळ्यांना पाठवले, सगळ्याजणी रडल्या. सूचा आवाज आमच्यापाशी कुठंच नाही, आम्ही नुसते फोटो काढत राहिलो, असं लिहिलंय. आणि फार अजिजीनं विचारलंय, तुमच्याकडं तिचा आणखी आवाज आहे का? असेल तर आम्हाला द्याल का?

आहे. त्याच सहा मिनिटांत आहे. तू माझ्या सासूबाईंची नक्कल करतेस. मला गर्विष्ठ म्हणतेस, दोनदा. मधेच दुधाला उकळी आली म्हणून उठून जातेस, तेव्हा भांड्याचा आवाज येतो आणि लांबून तू ‘आली आली’ म्हणतेस. मग परत येऊन, काय सांगत होते गं, असं मला विचारतेस.

मी मार्ग्रीतबाईंना उत्तर लिहिलं. नाही, एवढाच आहे.